एक्केचाळीस दिवस अनवाणी

एप्रिल महिन्यातला पहिला मंगळवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. रक्कम एकशे एक रुपये, शिवाय नारळ एक आणि खण एक. जागा खुटबावमधलं आमच्या गावदेवीचं देऊळ. हजर पाच जण: मी, माझी बायको, आमची एकुलती एक मुलगी, माझे चुलते म्हणजे आप्पा, आणि देवळाची पूजा बघणाऱ्या गुरवाच्या आजी. मुलगी देवळात आली नव्हती, बाहेर मोटरसायकलवर बसून होती. तिला हजर धरावं की नाही याबद्दल मला आजही शंका आहे. न धरलं तर चार.

त्या दिवशी मी देवीपुढं मोठ्यानं बोललो की माझी मुलगी पोलीस भरतीत निवडली जाईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही.

आमच्या भागात हे नवीन नाही. आमचा माणूस निवडून येईपर्यंत अनवाणी राहीन, असं म्हणणारा एखादा कार्यकर्ता प्रत्येक गावात सापडतो. एकाचा माणूस तर लागोपाठ दोनदा पडला, आणि ह्याच्या टाचा इतक्या निबर झाल्या की आता बाभळीचा काटाच मोडतो. मी मात्र राजकारणातला नव्हे. शिरूर तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी एकवीस वर्षं काम करतो. नटबोल्ट, बेअरिंग आणि हातमोजे यांची आवक-जावक लिहिणं हे माझं काम. रजिस्टरमध्ये खाडाखोड करणारा माणूस मला आवडत नाही. असा मी नवसाच्या नादाला लागलो, याला कारण टीव्हीवरची एक जुनी मालिका.

मी चौथीत असताना गावात टीव्ही एकच होता, सोसायटीच्या ऑफिसात, लोखंडी कपाटात कुलूपबंद. रविवारी सकाळी सेक्रेटरी कुलूप काढायचे आणि अर्धं गाव सतरंजीवर बसायचं. मालिकेचं नाव सांगत बसत नाही. त्या काळच्या तसल्या सगळ्या मालिका एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशाच होत्या. थर्माकोलची गुहा, कापसाचा धूर, आणि राक्षसिणीच्या डोक्यावर इतकी रुंद शिंगं की दारातून जाताना तिला मान तिरकी करावी लागे.

तर त्यात एक सरदार होता. राक्षसिणीनं त्याच्या मुलाचं पाखरू करून पिंजऱ्यात ठेवलं होतं. ती म्हणाली, तुझी सावली दे आणि पोर घेऊन जा. सरदारानं लगेच पाय पुढं केला. तिनं भल्यामोठ्या कात्रीनं त्याची सावली पायापासून कापली, चटईसारखी गुंडाळली आणि काखोटीला मारली. पोर पुन्हा माणूस झालं. पण बिनसावलीच्या माणसाला गावात कुणी घेईना. बाया दारं लावायच्या, कुत्री भुंकायची. शेवटी सरदार एकटाच रानात निघून गेला. पोराला मात्र आधीचं काहीच आठवत नव्हतं.

सोसायटीच्या ऑफिसात त्या दिवशी म्हातारे-कोतारे डोळे पुसत होते. मीही रडलो. रडता रडता एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. सावली देऊन टाकलेला सरदार रानात चालला होता तेव्हा स्टुडिओतल्या दिव्यांमुळं त्याच्या पायाशी सावल्या पडत होत्या. मी मोजल्या, तीन होत्या. हे मी शेजारी बसलेल्या आप्पांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली.

घरी येऊन मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारलं, "आबा, माझ्यासाठी तुम्ही सावली द्याल?"

आबा म्हशीला पेंड कालवत होते. म्हणाले, "मला कुठली आलीय सावली? दिसभर उन्हात तर असतोय. जा, रेडकाला पाणी दाव."

हे उत्तर मला फार लागलं. आपण बाप झालो की असं उत्तर द्यायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आबांनी त्या वर्षी मला शाळेसाठी नवी सायकल घेऊन दिली होती, ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही. सायकलीवर कापसाचा धूर नव्हता.

आता मुलीचं. बारावी सायन्स झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. शिरूरच्या एका अकॅडमीत सहा महिने राहून आली. पहिल्या वेळी ती थोडक्यात हुकली. थोडक्यात म्हणजे दोन मार्कांनी. लेखी चांगली होती, पण आठशे मीटर पळण्यात वेळ जास्त लागला होता. पुढची भरती निघाली तशी ती घरी राहून सराव करू लागली. रोज पहाटे कालव्याच्या भरावावर पळायची. तिथलं अंतर मी स्वतः टेपनं तीन वेळा मोजलं, सरासरी काढली, आणि चुन्याच्या रेघा मारल्या. चारशे मीटर जायचं, वळायचं आणि यायचं. शेवटच्या रेघेवर मी स्टॉपवॉच घेऊन उभा. कारखान्याची बस साडेसातला चौफुल्यावर येते, तोपर्यंत दोन फेऱ्या व्हायच्या. वहीत तारीख, वेळ आणि शेरा असे तीन रकाने. तेव्हा तिची वेळ दोन मिनिटं छप्पन सेकंदांच्या आसपास होती, आणि दर आठवड्याला एखादा सेकंद कमी होत होता.

म्हणजे सगळं बरं चाललं होतं, आणि मला स्वस्थ बसवेना. सगळं पोरगीच करते, आपण नुसतं बटण दाबतो, ही बोच होती. त्यातच एका रविवारी जेवताना मी तिला त्या सरदाराची गोष्ट सांगितली. तिनं दोन मिनिटांत मोबाइलवर तो भाग शोधून काढला. चाळीस वर्षं मी जे काळजाशी धरून बसलो होतो ते सहा इंचांच्या काचेवर फारच गरीब दिसलं. सावली म्हणजे काळा कपडा होता, त्याची शिवण दिसत होती. तरी सरदारानं पाय पुढं केला तसे माझे डोळे भरून आले.

मुलगी म्हणाली, "पण पप्पा, त्या पोराला कुणी विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"की बाबा रे, तुझा बाप रानात गेला तर चालेल का?"

"पाखराला काय विचारतेस?" मी म्हणालो आणि पाणी प्यायलो. मला वाटलं, लहान आहे, कळेल.

मग मी काय सोडावं याचा विचार सुरू केला. सावली सोडायची सोय नाही. चहा सोडावा म्हटलं तर बायको म्हणाली, "तुम्ही चहा सोडणार आणि डोकं माझं दुखणार." वांगं सोडावं म्हटलं तर ते मला मुळात आवडत नाही, म्हणजे ती देवीची फसवणूक झाली. तंबाखू मी खात नाही. निर्व्यसनी माणसाला त्याग करायचा झाला तर माल फार कमी असतो. शेवटी पायाकडं लक्ष गेलं.

नवस बोलून देवळातून बाहेर आलो तेव्हा मुलीनं माझ्या पायाकडं पाहिलं आणि नुसतं, "हे काय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "तू पळायचं बघ." मला वाटलं, किती छान बोललो.

पहिली अडचण त्याच दिवशी कारखान्याच्या गेटवर आली. सेफ्टी शूजशिवाय आत सोडत नाहीत. सेफ्टी ऑफिसर तरुण आहे, नियमाचा पक्का. "काका, नवस बाहेर," तो म्हणाला. मी तिथंच उभ्या उभ्या विचार केला. बूट कंपनीच्या मालकीचे, त्यांची नोंद माझ्याच रजिस्टरमध्ये, शिवाय ती चप्पल नव्हे. तेव्हा कंपनीच्या आवारात बूट, बाहेर अनवाणी. हा निकाल मला कायदेशीर वाटला. संध्याकाळी आप्पांना सांगितला.

आप्पा म्हणाले, "म्हंजी देवी गेटाभायेर थांबती व्हय? तिला पास न्हाई?"

चेष्टा करणारे आप्पा एकटेच निघाले. बाकी गावानं मला डोक्यावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर मी तिथून खाली उतरायला तयार नव्हतो. एका पोरानं माझ्या पायांचा फोटो काढला, धूळ आणि भेगांसकट, आणि खाली लिहिलं, 'बाप असावा तर असा.' तो मी अकरा ग्रुपवर पाठवला. स्टेटसलाही ठेवला, चोवीस तास संपले की पुन्हा. यवतला एका लग्नात मला पुढच्या रांगेत बसवलं. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "ह्योच गं त्यो." मी पाय जरा पुढं घेतले. कासुर्डीहून एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले, त्यांचा मुलगा दोनदा भरतीत पडलेला. मी त्यांना धीर दिला. मी, ज्याचा त्याग तेव्हा बारा दिवसांचा होता! आणि एक गोष्ट लिहायला लाज वाटते पण लिहितो. त्या दिवसांत दुखत नसतानासुद्धा मी थोडं लंगडायला शिकलो होतो.

इकडं वहीत वेगळंच चाललं होतं. पहिल्या आठवड्यात मुलीची वेळ दोन एकोणसाठवर गेली. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं दोन. तिसऱ्यात तीन पाच. मी शेऱ्याच्या रकान्यात कारणं लिहीत होतो. वारा समोरून. रात्री पावभाजी खाल्ली. डाव्या बुटाचा तळ झिजला. भरावावर शेळ्या. त्या शेळ्यांवर मी सलग तीन दिवस ठपका ठेवला आहे. चौथ्या दिवशी शेळ्या नव्हत्या आणि वेळ तीन सहा. तिथं मी 'आर्द्रता' असं लिहिलं आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडं आर्द्रता कुठून येणार, देव जाणे.

मैदानी चाचणीची तारीख आली होती. मेच्या मध्यावर, पुण्याला. मुलगी जेवताना बोलेनाशी झाली. तीन मिनिटांच्या वर गेलं तर सगळं लेखीवर येतं, आणि मागच्या वेळी दोन मार्कांनी काय होतं हे ती बघून बसली होती. मी तिला म्हणालो, "तू घाबरू नकोस, मी आहे ना." असं म्हणताना मी पाय पाटावर घेऊन बसलो होतो, भेगा वर करून.

सत्ताविसाव्या दिवशी मी आमच्या तीस गुंठ्यांत गेलो. ऊस नुकताच तुटून गेला होता. तोडलेल्या उसाची धसकटं भाल्यासारखी तिरकी उभी असतात, हे माहीत नसलेला माणूस दौंड तालुक्यात शोधून सापडणार नाही. मला माहीत होतं. तरी मी वाफ्यात शिरलो, कारण रस्त्यावर दोघं उभे राहून बघत होते. धसकट उजव्या टाचेत बोटाच्या पेराएवढं घुसलं.

यवतच्या डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली निघाली. म्हणाले, "आजपासून चप्पल."

"डॉक्टर, नवस आहे."

"मग बूट घाला."

"तेही नाही."

"मग देवीला सांगा, डॉक्टरनं रजा दिली नाही," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. पाच दिवस घरीच पडून राहायचं, पाय जमिनीला टेकवायचा नाही, या अटीवर आमची तडजोड झाली. ड्रेसिंगला आणि लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला तीन वेळा मुलगीच मला मोटरसायकलवरून घेऊन गेली. तिच्या सरावाचा वेळ त्यात गेला, तोही मी वहीत लिहिला आहे.

आणि या पाच दिवसांत स्टॉपवॉच बायकोकडं गेलं.

पहिल्या दिवशी ती येऊन म्हणाली, "दोन पंचावन्न."

मी म्हणालो, "बटण उशिरा दाबलंस."

दुसऱ्या दिवशी दोन चोपन्न. मी तिला बटण कसं दाबायचं हे पुन्हा शिकवलं. ती म्हणाली, "वीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, मला शिकवू नका." तिसऱ्या दिवशी मी खात्री करायला आप्पांना बरोबर पाठवलं. आप्पांना लांबचं दिसत नाही. ते येऊन म्हणाले, "पोरगी लई भारी पळती गड्या. दोन बी असंल न् पाच बी असंल." बायकोच्या घड्याळात त्या दिवशी दोन त्रेपन्न होते.

सहाव्या दिवशी मी काठी टेकत, मोटरसायकलवर मागं बसून, स्वतः कालव्यावर गेलो. रेघेवर उभा राहिलो. तीन चार.

स्टोअरमध्ये एखाद्या मालात तूट दिसली की आम्ही एक करतो. एकेक माणूस बदलून बघतो. चोरी म्हणायची नाही, फक्त माणूस बदलायचा. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं की पाय दुखतोय, येत नाही. तिच्या आधी वीस मिनिटं निघालो आणि कालव्याकडेच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं लपून बसलो. माझ्या हातात मोबाइलचं घड्याळ, रेघेवर बायको. मोटारीच्या खोलीमागं मुंग्या होत्या. दोन चोपन्न. बायकोचंही दोन चोपन्न. पुढच्या दिवशी मी उघडपणे उभा राहिलो. तीन चार. मग पुन्हा एकदा लपलो. दोन पंचावन्न.

इतकं करूनही शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. वारा दोन्ही दिवशी तोच होता.

अडतिसाव्या दिवशी फेरी झाल्यावर मुलगी भरावावर बसून बुटाची नाडी सोडत होती. मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि आकडे दाखवले. मी लपून बसल्याचंही सांगितलं. ती बराच वेळ आकड्यांकडं बघत राहिली.

"पप्पा, खरं सांगू? रागवायचं नाही."

"मी कधी रागावतो?"

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. म्हणाली, "शेवटचे शंभर मीटर राहिले की तुम्ही दिसता. आधी डोकं, मग शर्ट, मग पाय. खाली खडी टोचते तुम्हाला, मग तुम्ही बगळ्यागत एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवता. ते दिसलं की माझा दम तुटतो. मी पळायचं सोडून तुमचे पाय मोजते. हा खाली, तो वर."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कधी बोलू? तुम्ही स्टेटसला ठेवलं होतं."

मी वही मिटली. ती पुढं म्हणाली, "आणि समजा या वेळी नाही झालं. पुढच्या वर्षीही नाही. किंवा मलाच नको वाटलं आता. मग तुम्ही काय जन्मभर असेच फिरणार? मी सोडते म्हणायची पण सोय नाही ठेवली तुम्ही."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एकवीस वर्षांत मुदतीची तारीख न बघता मी साध्या ग्रीसचा डबा आत घेतलेला नाही, आणि इथं देवीपुढं बिनमुदतीचा करार करून मोकळा झालो होतो. तोही स्वतःच्या नावावर बोलून, फेडायला पोरीला लावून. त्या सरदाराच्या पोराला निदान काही आठवत नव्हतं. माझ्या पोरीला माझा त्याग रोज सकाळी आठशे मीटर पळत येऊन समोर बघावा लागत होता.

इथं समंजस माणसानं तिथल्या तिथं चप्पल मागवली असती. मी दोन दिवस घेतले. कारणं मी मनाशी पुष्कळ सांगितली. देवीचा कोप. शब्दाची किंमत. खरं कारण एवढंच की चप्पल घातली की पुढच्या रांगेतली खुर्ची जाणार होती. अनवाणी राहणं एव्हाना मला सोपं झालं होतं. चप्पल घालून गावातून जाणं अवघड होतं.

चाळिसाव्या दिवशी मी एकटाच देवळात गेलो. गुरवाच्या आजी समई घासत होत्या. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "आजी, मोडायचा झाला तर काय करावं लागेल?"

"म्या तवाच बघितलं," आजी म्हणाल्या. "पोरगी भायेर बसल्याली. जिच्यासाठी मागायचं तिला आत आणत्यात का भायेर ठिवत्यात?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी लई रंगात व्हता."

"दंड काय पडेल?"

"दंड?" आजींनी समई खाली ठेवली. "देवी काय नाक्यावरचा हवालदार हाय का? दिव्याला तेल घाला आन् पोरीला पळू द्या."

किती तेल, हे मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक किलो आणून ठेवलं आणि आणखी काही विचारलं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी माळ्यावरून चपला काढल्या. डाव्या चपलेत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ते खरवडून काढलं. चामडं वाळून पापड झालेलं, त्यामुळं पावलागणिक कर्र आवाज यायचा. पारावर सात जण बसले होते, आणि मी येतोय हे त्यांना दिसण्याआधी ऐकू आलं.

"आरं, पोरगी झाली का फौजदार?" एकानं विचारलं.

"नाही. ग्राउंड परवा आहे."

"मग ह्ये?" त्यानं खाली बोट दाखवलं.

बाकीचेही खाली बघायला लागले. पायाला जखम आहे, साखर वाढलीय, डॉक्टरांनी सांगितलं, हे उत्तर तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि का कोण जाणे, खरं तेच बोललो. "माझ्या पायांमुळं तिची वेळ वाढत होती. आठ-दहा सेकंद."

एक जण म्हणाला, "बायकूनं घालायला लावल्या म्हना की."

सगळे हसले. आप्पाही त्यांच्यात होते, तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. मग सरकून त्यांनी मला जागा केली. "बस. वाजवू नको लई," म्हणाले.

स्टेटस मी त्याच दिवशी काढलं. कासुर्डीच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मी कालच सोडल्या चपला!" मी त्यांना म्हणालो की आधी मुलाला विचारा. ते म्हणाले, त्याला काय विचारायचं. मी अर्धा तास बोललो. त्यांनी शेवटी काय केलं मला माहीत नाही.

पुण्याला मैदानावर पालकांना आत सोडत नव्हते. सकाळी सहापासून मी गेटाबाहेर चहाच्या टपरीशी उभा होतो. माझ्यासारखे तीसेक बाप तिथं होते, त्यातले दोघे अनवाणी. मी माझे पाय टपरीच्या बाकड्याखाली घेतले. नऊच्या सुमारास मुलगी बाहेर आली. तोंड लाल, केस चिकटलेले, छातीवरचा नंबर एका बाजूनं सुटलेला.

"दोन एक्कावन्न," ती म्हणाली.

मी वही काढली. ती म्हणाली, "पप्पा, राहू दे. आधी काहीतरी खायला घ्या." दोन वडापाव घेतले. शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला.

लेखी परीक्षा झाली, यादी लागली. या वेळी पळण्यात काही कमी पडलं नाही, लेखीत पडलं. तीन मार्क. मोबाइलवर यादी तिनं दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली, मग मी तीनदा बघितली. बायको आतून पाणी घेऊन आली आणि तशीच तांब्या धरून उभी राहिली. मुलगी त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशीही थोडी. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "पप्पा, मी आता नाही देणार परत. दोन वेळा बास. मला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचाय, दौंडला आहे."

माझ्या तोंडात लगेच आलं होतं की अजून एकदा दे, वय आहे, दोन एक्कावन्न म्हणजे थट्टा नाही. वहीतले आकडे मला पाठ होते. पण तिनं ते इतकं सरळ सांगितलं, माझ्या पायांकडं न बघता, की मी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तुटून कपात पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मग विचारलं, "हे लॅबचं कुठून सुचलं?" मला वाटत होतं, माझ्या ड्रेसिंगच्या वेळी यवतच्या लॅबमध्ये ती तासन्‌तास बसायची, तिथूनच. म्हणजे धसकट अगदीच वाया गेलं नाही, असं म्हणता आलं असतं.

"मैत्रिणीनं सांगितलं," ती म्हणाली. "यवतच्या लॅबमध्ये तर मला नुसती झोप यायची."

जून महिन्यातला शेवटचा सोमवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं, दौंड. हजर मी आणि मुलगी, दोघंही खिडकीसमोर. फॉर्म तिनं स्वतः भरला, माझी सही एकाच जागी. भरलेली रक्कम अठरा हजार पाचशे रुपये, पहिला हप्ता, कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंना.